काचनळींतला कळक

कर्वेनगरापासून पाषाण कांहीं फार लांब नाहीं. तरीही तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत नाडगौडा, परशरामी व मस्कारेन्हस या संशोधकांनीं केलेलें आणि १९९० सालीं ‘नेचर’ या जगद्विख्यात नियतकालिकांत प्रसिद्ध झालेलें एक काम आमच्या पुष्कळ वाचकांच्या कानांवर आलें नसेल. तें आज सांगावें असें आम्हांस वाटतें.

सुपापासून मांडवापर्यंत आणि टोपलीपासून कागदाच्या गिरणीपर्यंत बांबूवांचून आपलें चालत नाहीं. परंतु या उपयुक्त वनस्पतीचा स्वभाव मोठा विलक्षण! काटेरी कळक तीस-चाळीस वर्षांनीं एकदांच फुलतो, बीं धरतो आणि वाळून जातो. आजोबांनीं लावलेल्या बेटाचा फुलोरा पाहणें नातवाच्या नशिबीं. मग दोन चांगल्या जातींचा संकर करून पाण्याचा ताण सोसणारा, भरपूर धागा देणारा बांबू निर्माण करावयाचा कोणीं आणि केव्हां?

पाषाणच्या संशोधकांनीं रोपांचे कोवळे भाग निर्जंतुक काचनळ्यांत वाढविले. यासच ऊतिसंवर्धन किंवा टिशू कल्चर म्हणतात. पोषणास साखर, क्षार, वाढीस चालना देणारें एक द्रव्य, आणि आपल्या स्वयंपाकघरांतलें नारळाचें पाणी! थोड्याच महिन्यांत त्या चिमुकल्या रोपांना फुलें आलीं व रुजणारें बींही धरलें.

याचें महत्त्व काय? ऊतिसंवर्धनानें एका उत्तम बेटाचीं हजारों रोपें करतां येतात. पण तीं सारीं एकाच वळणाचीं. एक रोप रोगास बळी पडलें, तर सर्वांनाच धोका. शिवाय जुन्या बेटापासून केलेलीं रोपें आईचें वयही बरोबर आणतात, आणि तिच्याबरोबरच फुलून मरण्याची भीति असते. यासाठीं रोपें घेणाऱ्यानें मातृबेटाचें वय अवश्य विचारावें. फुलापासून झालेल्या बियांत मात्र प्रत्येक दाणा निराळा. बदलत्या पावसास तोंड देणारें रोप निवडावयाचें तें त्यांतूनच. काचनळींतल्या फुलापासून बांधावरच्या नव्या जातीपर्यंत वाट लांब आहे, हें खरें. परंतु पहिली अडचण दूर झाली.

१९०० सालीं अण्णासाहेब कर्व्यांनीं याच हिंगण्याच्या माळावर आपल्या आश्रमासाठीं एक झोपडी उभारली. त्या बीजाचा विस्तार पाहण्यास पिढ्या लागल्या. कांहीं फळांची वाट पाहावीच लागते. परंतु जी प्रतीक्षा कमी करतां येते, ती कमी करणारांचे उपकार नातवंडांनीं विसरूं नयेत.