कॉम्प्रेसर बदलण्याआधी

समजा, एअर सस्पेन्शनची गाडी रात्री सरळ उभी होती आणि सकाळी तिचा मागचा डावा कोपरा बसलेला दिसतोय. सुरू केली की कॉम्प्रेसर बराच वेळ घरघरतो. लगेच निदान होतं: कॉम्प्रेसर गेला!

जरा थांबा. बंद गाडीची उंची कॉम्प्रेसर नाही, एअर बॅगेत कोंडलेली हवा धरून ठेवते. म्हणजे हवा कुठूनतरी निसटतेय आणि ती भरून काढताना कॉम्प्रेसर दमतोय. गळती तशीच ठेवून नवा बसवलात तर काही दिवसांनी तोही जाईल.

थंडीमुळे असेल का? हिशेब करा. ३० अंशांवरून १५ म्हणजे ३०३ वरून २८८ केल्विन. हवेचं आकारमान जेमतेम ५ टक्के घटेल, तेही चारही बॅगांमध्ये. न बसलेले तीन कोपरे हा तुमचा कंट्रोल. आता संशयित उरले त्या कोपऱ्याची बॅग, नळी, जोड आणि व्हॉल्व्ह. साबणाचं पाणी लावा, बुडबुडे शोधा. (गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय शिरू नका.)

प्रयोगशाळेत रीडिंग घसरायला लागलं की आपणही आधी महागडा भागच बदलायला निघतो. त्याआधी वहीत लिहा: माझं कारण खरं असेल, तर आणखी काय दिसायला हवं?