ती नशा नव्हती, थंडी होती!

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सोमवारी सकाळी एक गृहस्थ कॉलेजात जाणाऱ्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा मान खाली घालून बसला. वडील म्हणाले, "डॉक्टर, चिरंजीव मित्रांबरोबर भंडारदऱ्याला गेले होते. काय दिवे लावून आलेत ते त्यालाच विचारा."

हळूहळू हकिकत कळली. सात-आठ मित्र, पाठीवर सॅक, धरणाच्या काठी तंबू, शेकोटी, गाणी. बाटलीही होतीच. जेवणाकडे कोणाचे लक्ष नव्हते आणि झोप तर नाहीच. कळसूबाईवरून सूर्योदय पाहायचा म्हणून पहाटे तीनला बारी गावातून सगळे चढू लागले. चढताना अंगातला शर्ट घामाने भिजला. वर पोहोचल्यावर बोचरा वारा. अर्ध्या तासात या मुलाची जीभ जड झाली, पाय अडखळू लागले. मित्र म्हणाले, "याची अजून उतरलीच नाही!" मोबाइलवर चित्रणही केले.

ते चित्रण मुलाने मला दाखवले. मित्र खदाखदा हसत होते. मला मात्र हसू आले नाही. वर चहा विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी त्याला आडोशाला नेले, ओला शर्ट काढायला लावून घोंगडीत गुंडाळले आणि घोट घोट गोड चहा पाजला. त्या बाबांना जे कळले, ते शिकल्या-सवरलेल्या मित्रांना कळले नाही.

वडिलांचा प्रश्न होता, "डॉक्टर, ही दारू की थंडी?" मी म्हणालो, "दोन्ही. आणि एकीने दुसरीला हात दिला."

दारू घेतली की ऊब वाटते, हे खरे. पण ती ऊब फसवी असते. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त कातडीकडे येते आणि शरीराच्या आतली उष्णता बाहेर निघून जाते. थंडीत आपण कुडकुडतो, ती शरीराची उष्णता तयार करण्याची धडपड असते. दारू तीही मंदावते. लघवी जास्त होऊन अंगातले पाणी कमी होते. उपाशीपोटी घेतली तर रक्तातली साखर उतरू शकते. आणि अंगात जर्किन घालावे ही साधी अक्कलही वेळेवर सुचत नाही.

शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ९५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेले की धोका सुरू होतो. बोलणे अडखळते, तोल जातो, माणूस सुस्तावतो. ही सारी लक्षणे दारुड्यासारखीच! इथेच घात होतो. कुडकुडणे थांबले म्हणजे बरे वाटू लागले, असेही समजू नका. थंडी कायम असून कुडकुडणे थांबले आणि माणूस गुंगू लागला, तर प्रकृती बिघडते आहे.

यासाठी बर्फ पडावा लागत नाही. कळसूबाई १६४६ मीटर उंच, राज्यातले सर्वांत उंच शिखर. तिथला वारा आणि ओले कपडे पुरेसे होतात. दारूचाही संबंध असावाच लागतो असे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये, ऐन पावसाळ्यात, हरिश्चंद्रगडावर पुण्याच्या तरुणांचा एक गट धुक्यात वाट चुकला. पावसात भिजत रात्र काढावी लागली आणि त्यातला एक जण दगावला. नुसता पाऊस आणि वारा जिवावर बेततो, तिथे दारूची भर कशाला?

सोबत्याला अशी लक्षणे दिसली, तर एवढे करा. त्याला वाऱ्यापासून आडोशाला न्या. ओले कपडे काढून कोरडे चढवा. डोके, मान झाका, अंगाखालीही काही जाड अंथरा. पूर्ण शुद्धीत असेल, नीट गिळता येत असेल तरच गरम, गोड चहा द्या. हातपाय चोळू नका, शेकोटीला चिकटवून बसवू नका आणि 'औषध म्हणून' ब्रँडी तर मुळीच नको. गुंगीत असेल तर कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. एकटे सोडू नका. १०८ ला फोन करा आणि गावातल्या माणसांना हाक मारा.

सांदण दरीत दोरावरून उतरायचे असो किंवा धबधब्याखाली जायचे असो, आदल्या रात्री बाटली आणि जागरण झाले असेल तर तो बेत रद्द करा. डोके दुखते, हात थरथरतो, अंदाज चुकतो. दोर आणि पाणी दोघेही माफ करत नाहीत. दमा, फिट्स किंवा मधुमेह असेल तर निघण्यापूर्वी मित्रांना सांगा आणि औषध खिशात ठेवा.

पालकांनो, मुलांना डोंगरावर जाऊ नका असे मी म्हणणार नाही. उलट जरूर जाऊ द्या. माझ्या कॉलेजच्या दिवसांत आम्हीही थंडीसाठी म्हणून ब्रँडीची छोटी बाटली सॅकमध्ये ठेवत असू, आणि तीही डॉक्टर होऊ घातलेली पोरे! आमचे निभावले, ते शहाणपणाने नव्हे, नशिबाने.

त्या मुलाची प्रकृती आता उत्तम आहे. जाताना मी त्याला एकच सांगितले, "पुन्हा कळसूबाईला गेलास, की त्या बाबांचा चहा घे आणि त्यांना नमस्कार करून ये."