एक कॅप्सूल, पाच औषधं... आणि ६२ टक्क्यांचा हिशेब!

‘अमुक गोळीनं हार्ट अ‍ॅटॅक निम्म्यावर’ अशा थाटाची बातमी आली, की घरातलं कुणीतरी कात्रण काढून ठेवतंच. मग ते बीपीवाल्या काकांना दाखवलं जातं, फॅमिली डॉक्टरांच्या टेबलावरही ठेवलं जातं. पण ही चाचणी किती जणांवर झाली, किती दिवस चालली आणि तिच्यात नेमकं मोजलं काय, हे कात्रणात क्वचितच असतं.

बंगळूरचंच उदाहरण घ्या. २००३ साली लंडनच्या निकोलस वाल्ड आणि माल्कम लॉ या दोघांनी एक धाडसी कल्पना मांडली. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलची औषधं, जोडीला अ‍ॅस्पिरिन, हे सारं एकाच गोळीत घालून पंचावन्नच्या पुढच्या सगळ्यांना दिलं, तर हृदयविकार आणि पक्षाघात ८० टक्क्यांहून अधिक टळतील! कागदावर झकास, पण प्रत्यक्षात?

ते तपासायला बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजचे डॉ. प्रेम पैस, डॉ. डेनिस झेवियर आणि याच कॉलेजात शिकून कॅनडात नाव कमावलेले डॉ. सलीम युसुफ पुढे झाले. कॅडिला फार्मास्युटिकल्सची ‘पॉलिकॅप’ ही पाच औषधांची कॅप्सूल घेऊन देशातल्या ५० केंद्रांत २,०५३ जणांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली. ‘लॅन्सेट’मध्ये ती २००९ साली छापून आली.

प्रश्न साधे होते. पाच औषधं एकत्र सोसतात का? रक्तदाब उतरतो का? उत्तरं चांगली आली. वाईट कोलेस्टेरॉल मात्र सिम्व्हास्टॅटिन एकटं दिल्यावर जेवढं उतरलं, तेवढं कॅप्सूलनं उतरलं नाही. संशोधकांनी ही उणी बाजूही सरळ छापली, हे विशेष.

पण लोकांच्या लक्षात राहावा असा आकडा वेगळाच होता. या कॅप्सूलनं हृदयविकार ६२ टक्के आणि पक्षाघात ४८ टक्के कमी होऊ शकतील! हा आकडा मांडलेला होता, मोजलेला नव्हता. बारा आठवड्यांत किती जणांना झटका येणार, आणि किती जणांचा टळला हे कसं कळणार? रक्तदाब इतका उतरला, तर झटके इतके घटावेत, असा तो हिशेब.

खरी मोजणी व्हायला २०२० साल उजाडलं. तीच कल्पना, औषधांचे डोस वाढवलेले, नऊ देशांतले ५,७१३ लोक आणि सरासरी साडेचार वर्षांहून अधिक काळ. हृदयविकार, पक्षाघात वगैरे मोठे प्रसंग साध्या गोळीच्या गटात १०० मागे ५.५ जणांना आले, औषधाच्या गटात ४.४ जणांना. म्हणजे घट सुमारे २० टक्के, आणि तीही योगायोगाच्या सीमारेषेला टेकलेली. अ‍ॅस्पिरिन जोडल्यावर ५.८ चे ४.१ झाले, म्हणजे घट ३० टक्क्यांच्या आसपास. अनेकांनी औषध मध्येच सोडलं होतं, हेही खरं. फायदा आहेच, २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं अशा गोळ्यांना आवश्यक औषधांच्या यादीत जागा दिली. पण ६२ कुठे आणि ३० कुठे!

बंगळूरची चाचणी तशी मोठी होती. याहून कितीतरी लहान, वीस-तीस रुग्णांच्या ‘पायलट’ चाचण्या जगभर सतत होत असतात. त्यांना रंगीत तालीम म्हणा ना! तालमीत दिवे वेळेवर लागतात का, नटाला पोशाख बदलायला सवड मिळते का, हे बघायचं असतं. नाटक हाउसफुल्ल जाणार की नाही, ते तालमीत कसं कळणार? पण अहवाल लिहिताना अनेकांचा हात नेमका तिथेच सैल सुटतो. ‘उपचार गुणकारी ठरला’ असं लिहून मोकळे!

याला आवर घालायला २०१६ साली लंडनच्या सँड्रा एल्ड्रिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायलट चाचण्यांच्या अहवालांसाठी वेगळी नियमावली आणली. ‘पायलट’ हा शब्द मथळ्यातच हवा. किती जणांना विचारलं, किती ‘हो’ म्हणाले, किती मध्येच गळले, ते सांगा. मोठी चाचणी करायची की नाही, हे कशावरून ठरवणार होतात तेही लिहा. हे वाटतं कारकुनी काम. पण ज्या रुग्णांनी दंडातून रक्त दिलं, रजा काढून दवाखान्याच्या फेऱ्या मारल्या, त्यांच्या श्रमाचा हिशेब तो हाच. शिवाय फुगवलेल्या तालमीवर मोठी चाचणी उभी केली, तर पुढच्या हजारोंनाही व्यर्थ राबावं लागतं.

आपल्याकडे २००७ साली सरकारी चाचणी-नोंदवही, म्हणजे ‘सीटीआरआय’, सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सक्तीची झाली. ती इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. तेव्हा घरातल्या कुणाला ‘चाचणीत नाव घालता का?’ असं विचारलं गेलं, तर सही करण्याआधी नोंदणी क्रमांक मागून घ्या. किती लोक घेणार आणि नेमकं काय मोजणार, या दोन रकाने तरी वाचाच. ही पहिली चाचपणी आहे की अखेरची परीक्षा, हेही डॉक्टरांना विचारायला संकोचू नका. आणि हो, बीपीची चालू गोळी मात्र कात्रण वाचून बदलू नका!