विद्यापीठें आणि विद्यार्थ्यांचा धर्माचार

कोंकणांतील बेने इस्राएल समाजाला गांवचे लोक 'शनिवार तेली' म्हणत. हा समाज तेलाचे घाणे चालवी आणि शनिवारीं, म्हणजे ज्यूंच्या सब्बाथच्या दिवशीं, घाणा बंद ठेवी. शेजाऱ्यांच्या दृष्टीनें ती केवळ एका वाराची सुटी होती, आणि शनिवारचें तेल शुक्रवारीं घेऊन ठेवतां येतें. परीक्षेचें मात्र तसें नाहीं. परीक्षेचा एक दिवस चुकला कीं विद्यार्थ्याचें वर्ष बुडण्याची धास्ती असते. म्हणून निरनिराळ्या धर्मांचे विद्यार्थी एका छताखालीं आले म्हणजे त्यांचे आचार कसे व कोठवर सांभाळावे, हा प्रश्न विद्यापीठापुढें अधिक बिकट होऊन उभा राहतो. इंग्लंडमधील जुन्या विद्यापीठांत हा प्रश्न दोन रूपांनीं पुढें आला. पहिला प्रश्न दाराचा होता, दुसरा दिवसाचा.

दाराची हकीकत अशी. ऑक्सफर्ड व केंब्रिज हीं विद्यापीठें चर्च ऑफ इंग्लंडच्या छायेखालीं वाढलीं. ऑक्सफर्डमध्यें त्या चर्चच्या एकोणचाळीस कलमांना मान्यता दिल्यावांचून प्रवेशच मिळत नसे. केंब्रिजमध्यें शिकतां येई, परीक्षाहि देतां येई. परंतु पदवी घेण्याच्या वेळीं आपण त्या चर्चचे आहोंत असें लिहून द्यावें लागे. जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर हा ज्यू विद्यार्थी १८३७ सालीं केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत दुसरा आला. पण असें लिहून देणें त्याच्या धर्मांत बसेना, म्हणून पदवी नाहीं. अखेर १८४१ सालीं डब्लिनच्या विद्यापीठानें त्याला पदवी दिली.

१८५४ सालीं ऑक्सफर्डचे व १८५६ सालीं केंब्रिजचे निर्बंध सैल झाले आणि बी. ए. ची पदवी सर्व पंथीयांना खुली झाली. तरीहि अडचण संपली नाहीं. १८६९ सालीं न्यूमा हार्टॉग हा ज्यू तरुण केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणितांत सर्वप्रथम, आला. पदवीदानाच्या वेळीं कुलगुरूंनीं उच्चारावयाच्या लॅटिन वाक्यांत 'पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नांवानें' असे शब्द होते. विद्यापीठाच्या सीनेटनें खास ठराव करून हार्टॉगपुरते ते शब्द गाळले. परीक्षा सर्वांना सारखीच होती. बदलले ते केवळ समारंभांतील कांहीं शब्द.

सीनेटच्या अशा ठरावाला तेथें 'ग्रेस' म्हणतात. ग्रेस म्हणजे कृपा. येथेंच या प्रश्नाचें मर्म आहे. कृपा एका माणसापुरती असते. हक्क सर्वांचा असतो. हार्टॉगला पदवी मिळाली, पण कॉलेजच्या कारभारांत व उत्पन्नांत ज्याला वाटा असतो त्या फेलोचें पद त्याला बंदच राहिलें. त्यानें पार्लमेंटच्या समितीपुढें साक्ष दिली. पुढें १६ जून १८७१ रोजीं विद्यापीठांतील धर्मविषयक अटी रद्द करणारा कायदा मंजूर झाला. त्यानंतर तीनच दिवसांनीं हार्टॉग देवीच्या रोगानें मरण पावला. तेव्हां त्याचें वय पंचवीस वर्षांचें होतें. त्याचे धाकटे बंधु सर फिलिप हार्टॉग हे पुढें ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले; हिंदुस्थानांतील शिक्षणाची १९२९ सालीं पाहणी करणारी हार्टॉग समिति ती त्यांचीच.

या कायद्यानें कॉलेजांतील प्रार्थनामंदिरें पाडलीं नाहींत. तेथील सकाळ-सायंकाळची प्रार्थना चालूच राहिली. मात्र धर्माच्या कारणानें हरकत असेल त्या व्याख्यानाला बसण्याची सक्ती उरली नाहीं, आणि धर्मशास्त्राच्या पदव्या सोडल्यास इतर पदव्या व पदें श्रद्धेच्या अटीशिवाय मिळूं लागलीं. त्याचा लाभ महाराष्ट्रालाहि झाला. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ सालीं केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले; तो मान त्यांना दुसऱ्या एका विद्यार्थ्यासह मिळाला. पुढें ते सेंट जॉन्स कॉलेजचे फेलो झाले. रँग्लर परांजपे उघड बुद्धिवादी होते. म्हणजे श्रद्धेची अट काढल्यानें श्रद्धाळूचीच नव्हे, तर अश्रद्धाचीहि सोय झाली.

आतां दिवसाचा प्रश्न. सब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताच्या सुमारास लागतो व शनिवारीं रात्रीं संपतो. त्या काळांत आचारनिष्ठ ज्यू लेखणी हातीं धरीत नाहीं. रमजानची अडचण निराळी. मुसलमानी वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें असून त्यांत अधिक मास नाहीं. म्हणून रमजान दरवर्षीं सुमारें अकरा दिवस अलीकडे सरकतो व सुमारें तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. २०१६ सालीं तो मुख्यतः जूनमध्यें आला. इंग्लंडांत तेव्हां परीक्षांचे दिवस, आणि उपवासाचा दिवसहि वर्षांतील सर्वांत मोठा. सुटीची एकदां ठरविलेली यादी येथें पुरत नाहीं. वेळापत्रक आंखतांना दरवर्षीं पंचांग उघडावें लागतें.

दिवस टाळतां न आल्यास दोन उपाय असतात. वेगळी प्रश्नपत्रिका काढावी, किंवा तीच दुसऱ्या वेळीं द्यावी आणि मधल्या काळांत विद्यार्थ्याचा इतर परीक्षार्थींशीं संबंध येऊं नये म्हणून देखरेख ठेवावी. ही देखरेख विद्यार्थ्याला जाचक वाटते. पण इतरांवर अन्याय होऊं नये म्हणून ती सोसावी लागते.

प्रत्येक मागणी मान्य करावी असा याचा अर्थ नव्हे. वेळ, जागा व समारंभाचे शब्द बदलतां येतात. ज्ञानाची कसोटी बदलतां येत नाहीं. ही मर्यादा पाळली तर सवलतीनें पदवीचें मोल उणें होत नाहीं. केंब्रिजनें सिल्व्हेस्टरला त्याची पदवी १८७२ सालीं, म्हणजे पस्तीस वर्षांनीं, दिली आणि १८८३ सालीं ऑक्सफर्डनें त्याला भूमितीचा प्राध्यापक नेमलें. शनिवारीं घाणा बंद राहिला म्हणून गांवाला तेलाची वाण पडली नाहीं; दार बंद राहिल्यानें मात्र विद्यापीठ आपल्याच एका गणितीला इतकीं वर्षें अंतरलें.