पदवी हातात, पात्रता बाकी

शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा निकाल लागला की ठरलेली बातमी येते: बसले लाखोंनी, पास झाले मूठभर. 15 डिसेंबर 2013 रोजी महाराष्ट्रात पहिली टीईटी झाली, तेव्हापासून निकाल बहुतेक वेळा दहा टक्क्यांच्या आतच घुटमळतो आहे. केंद्राची सीटीईटी तर 2012 मध्ये एक टक्क्याच्याही खाली गेली होती. मग ‘भावी गुरुजी नापास’ म्हणून चार दिवस टिंगल होते. या भावी गुरुजींकडे डी.एड. किंवा बी.एड.चं प्रमाणपत्र असतं, पुष्कळदा प्रथम श्रेणीचं. ते देणाऱ्यांना मात्र कोणी जाब विचारत नाही.

परीक्षा वरवर सोपी वाटते. 150 मिनिटांत 150 प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, चुकलं तरी गुण कापले जात नाहीत. 60 टक्के मिळाले की पात्र. राखीव प्रवर्गांना 55 पुरतात. पहिली ते पाचवीसाठीच्या पेपरात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी 30 गुण. पाचवीचं गणित येत नाही म्हणजे काय, असं हसणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 11 फेब्रुवारी 2011 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घटक प्राथमिकचे असले, तरी प्रश्नांची काठिण्यपातळी दहावीपर्यंत जाऊ शकते. सहावी ते आठवीच्या पेपरात ती बारावीपर्यंत.

काठिण्यपातळीपेक्षा मला प्रश्नांची जात महत्त्वाची वाटते. या धर्तीचा एक प्रश्न घ्या. मुलगा 52 मधून 27 वजा करतो आणि उत्तर 35 लिहितो. त्याचं काय चुकलं? पर्यायांत ‘सराव कमी’, ‘लक्ष नाही’ हेही असणार. खरं म्हणजे मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. त्याला हातचा घेणं हा प्रकारच उमगलेला नाही. हे ओळखायला मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या विकासावस्था वयांसकट पाठ असून भागत नाही. आधी स्थानिक किंमत स्वतःला नीट कळलेली हवी, आणि मुलाच्या वहीतली चूक वाचायची सवय हवी.

ही सवय लागायची कुठे? बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालं, त्यात 20 आठवडे शाळेत काढायचे असं ठरलं. पण अनेक ठिकाणी सारा जीव पाठ टाचणात अडकलेला असतो. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, मूल्यमापन, गृहपाठ, सगळं रकान्यांत, रंगीत शाईने. निरीक्षक मागच्या बाकावर बसून शेरा लिहितात. मुलांनी काय चुका केल्या यासाठी टाचणात रकानाच नसतो. लेखी परीक्षा दीर्घोत्तरी. मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्कीवर चार पानं लिहिली की गुण मिळतात. त्याच व्हायगॉट्स्कीच्या सिद्धांतावरचा वर्गातला प्रसंग देऊन चार पर्याय दिले की हेच विद्यार्थी अडतात.

आणि विषयज्ञान? ते शिकवणं तर कोणाच्याच वाट्याला आलेलं नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मुलीचा गणिताशी संबंध दहावीला संपलेला असतो. पदवी महाविद्यालय म्हणतं, ते शाळेत झालं. अध्यापक महाविद्यालय म्हणतं, ते पदवीला झालं. आम्ही फक्त पद्धती शिकवतो. अपूर्णांकांचा भागाकार उलटा गुणाकार का होतो, हे तिला कोणीच सांगितलेलं नसतं. टीईटीच्या दिवशी ही उधारी एकदम अंगावर येते.

महाविद्यालयांची अवस्था हे काही गुपित नाही. महाराष्ट्रातल्या 291 पदविका संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यातून न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला आणि 2012 मध्ये त्याचा अहवाल आला. पैसे घेऊन पदव्या विकणाऱ्या संस्थांविषयी त्याने काढलेला निष्कर्ष 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही नमूद आहे. टीईटीमुळे प्रशिक्षण संस्था आपला दर्जा सुधारतील, अशी आशा 2011 च्या सूचनांतच व्यक्त झाली होती. पण निकाल लागतो उमेदवाराच्या बैठक क्रमांकावर. कोणत्या महाविद्यालयाचे किती पास, यावर बातमी होत नाही.

टक्केवारीवर फार विसंबूही नये. मे 2012 मध्ये राज्याने शिक्षकभरती थांबवली. पुढेही टीईटी पास म्हणजे नोकरी नव्हेच; अभियोग्यता चाचणी आणि भरतीचं पवित्र पोर्टल पार करायचं असतंच. अशा वेळी बरेचजण ‘फॉर्म भरून ठेवू’ म्हणून बसतात आणि तेही नापासांत मोजले जातात. दुसरीकडे, 2019 च्या टीईटीत पैसे देऊन गुण वाढवून घेणारे साडेसात हजारांहून अधिक निघाले.

आता 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सेवेतल्या शिक्षकांनाही या रांगेत आणलं आहे. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरला असेल, तर दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर नोकरी जाणार. वीस वर्षं दुसरीला शिकवलेल्या बाईंना ती 35 ची चूक बघताक्षणी कळेल. इंग्रजीचे 30 गुण आणि मिनिटाला एक प्रश्न हा वेग, ही त्यांची अडचण आहे; त्यासाठी त्या शाळा सुटल्यावर स्वतःच्या खर्चाने क्लास लावणार.