काउंटीच्या मतपत्रिकेवरचं विद्यापीठ

अमेरिकेच्या आयोवा राज्यात १ सप्टेंबर ही तारीख जमीनमालक आणि खंडकरी दोघांच्याही डोक्यात पक्की बसलेली असते. खंडाने दिलेलं रान पुढच्या हंगामासाठी सोडवून घ्यायचं असेल, तर करार संपवण्याची लेखी नोटीस या तारखेपर्यंत बजावावी लागते. ती राहिली, तर करार आहे त्याच अटींवर आपोआप पुढे चालू राहतो. नवं खंडवर्ष मोजायचं ते १ मार्चपासून.

राज्यातली निम्म्याहून अधिक शेतजमीन दुसऱ्याच्या हातून कसली जाते. मालकांमध्ये पासष्टी ओलांडलेले पुष्कळ, आणि वारसाहक्काने जमीन मिळालेले कित्येक जण गावात राहतही नाहीत. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ठिकठिकाणी खंडाच्या सभा भरतात. पुढे उभा असतो आयोवा स्टेट विद्यापीठाचा विस्तार शिक्षक. रोख खंडाचे जिल्हावार दर, वाट्याने दिलेल्या जमिनीचा हिशेब, नोटिशीचा मसुदा, आम्लधर्मी जमिनीत टाकायच्या चुन्याचा खर्च कोणी सोसायचा, असे विषय निघतात. एकाच खोलीत मालकही बसलेला आणि खंडकरीही. शिक्षक दर ठरवून देत नाही. हिशेब कसा मांडायचा तेवढं दाखवतो. आपल्याकडे कूळकायद्याच्या धास्तीने खंडाचा व्यवहार बहुधा तोंडीच राहतो. तिथे सरकारी पैशावर चालणारं विद्यापीठ तो कागदावर कसा आणावा याचे धडे देतं, याची गंमत वाटते.

या कामाचं, म्हणजे विद्यापीठातलं ज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्या विस्तार सेवेचं, नाव ‘कोऑपरेटिव्ह एक्स्टेंशन’. आयोवात काउंट्या, म्हणजे आपल्या हिशेबाने जिल्हे, ९९ आणि विस्तार कार्यालयं १००, कारण पोटावाटामी काउंटीत दोन आहेत. प्रत्येक कार्यालयावर नऊ जणांची विस्तार परिषद असते आणि तिचे सदस्य मतदानाने निवडले जातात. नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत मोठमोठ्या पदांच्या खाली, त्याच मतपत्रिकेवर या परिषदेचे उमेदवार असतात. परिषदेला मर्यादेत राहून मालमत्तेवर कर बसवण्याचा अधिकारही आहे. सल्ला पटला नाही तर शेतकरी पुढच्या खेपेला मत दुसऱ्याला देऊ शकतो.

मुळात विद्यापीठाला गावात कोणी बोलावलेलं नव्हतं. १८६२ च्या मॉरिल कायद्याने केंद्राने राज्यांना जमिनी दिल्या. त्या विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालयं काढायची होती. (त्या जमिनी मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेल्या होत्या, ही गोष्ट उत्सवी भाषणांत फार काळ आली नाही.) हा कायदा सर्वांत आधी स्वीकारणारं राज्य आयोवाच. १८८७ मध्ये संशोधन केंद्रांसाठी पैसे आले. प्रयोग झाले, पत्रकं छापली गेली, आणि शेतकरी ‘पुस्तकी शेती’ म्हणून हसत राहिला.

ही कोंडी फोडली सीमन नॅप या म्हाताऱ्याने. आयोवाच्या कृषी महाविद्यालयात ते प्राध्यापक होते, काही काळ अध्यक्षही. पुढे लुइझियानात भातशेतीच्या उद्योगात गेले. सरकारी प्रात्यक्षिक शेतांवर शेतकरी विश्वास ठेवत नाही, कारण तिथे तोटा सरकारच्या बोकांडी बसतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. १९०३ मध्ये टेक्सासमधल्या टेरेल गावाजवळ वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याने स्वतःच्या ७० एकरांत नॅप यांच्या सांगण्याप्रमाणे कापूस आणि मका केला. तोटा झालाच तर भरपाईसाठी गावातल्या व्यापाऱ्यांनी निधी जमवून ठेवला होता. त्याला हात लावावा लागला नाही. नेहमीच्या पद्धतीपेक्षा ७०० डॉलर जास्त सुटले, असं पोर्टरनेच सांगितलं. एव्हाना बोंडं पोखरणारा भुंगेरा मेक्सिकोकडून टेक्सासच्या कापसावर उतरला होता. घाबरलेल्या सरकारने पैसे सोडले आणि नॅप यांनी गावोगाव माणसं नेमली. कानांनी ऐकलेल्यावर, डोळ्यांनी पाहिलेल्यावरही माणूस शंका घेईल, पण स्वतःच्या हाताने केलेल्यावर घेणार नाही, अशी त्यांची धारणा होती. ८ मे १९१४ रोजी स्मिथ-लिव्हर कायद्यावर सही झाली आणि केंद्र, राज्य व काउंटी यांच्या तिहेरी पैशावर हे जाळं देशभर पसरलं.

पण सगळ्यांपर्यंत सारखं नाही. अलाबामात टस्कीगी संस्थेने १९०६ मध्ये ‘जेसप वॅगन’ नावाची घोड्यांची गाडी काढली होती. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी तिची आखणी केली होती आणि टॉमस कॅम्बेल ती अवजारं-बियाण्यांसह कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या दारात नेत. १९१४ च्या कायद्याने मात्र पैसे कोणत्या महाविद्यालयाला द्यायचे ते राज्यांवर सोडलं, आणि दक्षिणेत ते गोऱ्यांच्या महाविद्यालयांकडे गेले. कृष्णवर्णीय विस्तार शिक्षक कमी पगारावर, वेगळ्या कचेऱ्यांत काम करत राहिले. हे वेगळेपण कागदोपत्री मोडायला १९६० चं दशक उजाडलं.

विस्तारवाल्यांच्या अभिमानाला दुसरा चिमटा त्यांच्याच विद्यापीठातून निघाला. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी आयोवाच्या दोन वस्त्यांतल्या २५९ शेतकऱ्यांना विचारलं, संकरित मक्याचं बियाणं तुम्ही कधी आणि कोणाचं ऐकून घेतलंत? दोघे सोडून सगळ्यांनी ते घेतलेलं होतं. पहिली बातमी सर्वांत जास्त जणांना बियाणं कंपनीच्या विक्रेत्याकडून कळली होती, आणि मन वळवण्यात शेजारी पुढे होता. १९४३ मध्ये छापून आलेला हा अभ्यास पुढे एव्हरेट रॉजर्स यांच्या नवकल्पनांच्या प्रसारावरच्या प्रसिद्ध पुस्तकाचा एक पाया ठरला. रॉजर्स आयोवाच्याच शेतकऱ्याचे पुत्र. त्यांच्या वडिलांना नवी यंत्रं आवडत, पण संकरित मका नको होता. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा मका उभा राहिला आणि त्यांचा करपला, तेव्हा कुठे ते वळले. शिक्षकाने भाषणाआधी योग्य शेजारी हेरावा, हे नॅप यांनी टेरेलमध्ये केलंच होतं. त्याला आकड्यांचा आधार मिळाला, इतकंच.

मुलांमधूनही वाट काढली गेली. पेज काउंटीत जेसी फील्ड या तरुण शिक्षिकेने १९०१ मध्ये मुलांसाठी मका मंडळ आणि मुलींसाठी गृहमंडळ सुरू केलं. मुलामुलींच्या आजच्या ‘फोर-एच’ संघटनेच्या मुळांपैकी हे एक.

विस्तार सेवेकडे स्वयंपाकघरातले प्रश्नही येतात. १९७५ पासून विद्यापीठाची ‘आन्सरलाइन’ फोनवर घरगुती प्रश्नांची उत्तरं देते. उदाहरणार्थ, टोमॅटो बरणीत भरून ठेवायचे असतील तर सुमारे एक लिटरच्या बरणीत दोन मोठे चमचे लिंबाचा रस, आणि तोही बाटलीतला. ताजं लिंबू का नको? कारण एका लिंबाचा आंबटपणा दुसऱ्यासारखा नसतो आणि बाटलीतल्याचा ठरलेला असतो. आंबटपणा कमी पडला तर बोटुलिझमचे जिवाणू बरणीत विष तयार करू शकतात. प्रेशर कॅनरच्या झाकणावरचा काटा बरोबर दाब दाखवतो की नाही, हे तपासून देणारी काउंटी कार्यालयंही आहेत. बागकामात वॉशिंग्टन राज्याने १९७२-७३ मध्ये काढलेली ‘मास्टर गार्डनर’ची युक्ती सगळीकडे चालते: प्रशिक्षण विद्यापीठ देतं, शिकलेल्याने बदल्यात ठरलेले तास लोकांच्या प्रश्नांना द्यायचे. आयोवा स्टेटमध्ये छोट्या कारखानदारांसाठीही १९६३ पासून वेगळं केंद्र आहे.

महाराष्ट्राशी याचं नातं कागदावरचंच नाही. १९६० च्या दशकात भारतातली कृषी विद्यापीठं याच नमुन्यावर उभी राहिली. पंतनगरला इलिनॉय विद्यापीठाने हात दिला, महाराष्ट्रातल्या कृषी विद्यापीठाच्या उभारणीत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ होतं. १९७४ मध्ये पुदुच्चेरीत पहिलं कृषी विज्ञान केंद्र निघालं. शिक्षण, संशोधन, विस्तार ही तिकडी आपण घेतली. गावपातळीवरचा बराचसा विस्तार मात्र राज्याच्या कृषी खात्याकडेच राहिला. निवडून आलेली परिषद आणि तिचा कर घेतलाच नाही. गावच्या कृषी कर्मचाऱ्याची बदली वरून होते, आणि शेतकऱ्याला ती होऊन गेल्यावर कळते.

आयोवातही सगळं सुरळीत चाललंय असं नाही. १९८० च्या दशकात जमिनीचे भाव कोसळले, कर्जं अंगावर आली, तेव्हा १९८५ मध्ये विस्तार सेवेने आज ‘आयोवा कन्सर्न’ म्हणून ओळखली जाणारी मदतवाहिनी सुरू केली. कायदा, पैसा आणि खचलेलं मन, तिन्हींसाठी एकच क्रमांक. वाहिनी अजून चालू आहे. २००९ मध्ये मात्र पैशांच्या ओढाताणीत प्रत्येक काउंटीतला विस्तार संचालक काढून विभागीय पदं आणली गेली. आता विद्यापीठाचा शेती व्यवस्थापनतज्ज्ञ बऱ्याच काउंट्या एकटा सांभाळतो. कार्यालयातली रोजची माणसं परिषद आपल्या करातून नेमते, त्यामुळे ज्या काउंटीत करपात्र मालमत्ता जास्त, तिथे माणसं जास्त.