उसाच्या फडापर्यंत पोहोचलेली खुली संगणकभाषा

नीरा डाव्या कालव्याने बारामती आणि इंदापूर या तालुक्यांना बागायतीचे वैभव दिले. त्याचबरोबर पाण्याचा हिशेब ठेवण्याची जबाबदारीही दिली. उसाला पाणी कमी पडले तर वाढ खुंटते आणि अति झाले तर जमीन क्षारपड होते. हा हिशेब अधिक काटेकोर व्हावा, या हेतूने बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित ऊसशेतीचा प्रयोग हाती घेतला. २०२४ मध्ये सुमारे एक हजार शेतकऱ्यांसह त्याची चाचणी सुरू झाली. जमिनीतील ओलावा, हवामान आणि उपग्रहचित्रे यांची सांगड घालून शेतकऱ्याला मोबाइलवर मराठीतून सल्ला देणे, हे या प्रयोगाचे स्वरूप होय. प्रयोगाची चर्चा पुष्कळ झाली. परंतु अशा कामाचा पाया असलेल्या खुल्या संगणकभाषेची ओळख अद्याप थोड्यांनाच आहे.

खुली म्हणजे काय?

संगणकाला काम सांगण्यासाठी आज्ञावली लिहावी लागते आणि ती ज्या भाषेत लिहितात, ती संगणकभाषा. काही आज्ञावल्या मोहोरबंद असतात. त्या वापरता येतात, परंतु आत काय लिहिले आहे ते दिसत नाही. खुल्या स्रोताची आज्ञावली मात्र कोणालाही वाचता, तपासता, सुधारता व इतरांना देता येते.

हा भेद केवळ तांत्रिक नाही. ओलावा अमुक टक्क्यांखाली गेला की पाणी द्यावे, असा नियम आज्ञावलीत लिहिलेला आहे, असे समजू. तो आकडा अन्य देशातील वालुकामय जमिनीवरून ठरविला असेल, तर इंदापूरच्या काळ्या जमिनीला तो लागू पडणार नाही. आज्ञावली खुली असेल तर मृदशास्त्रज्ञ ती चूक शोधून दुरुस्त करू शकतात. ती बंद असेल तर चुकीच्या सल्ल्याची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते, आणि चूक कोठे झाली हेही त्याला कळत नाही.

पंचांच्या हाती कारभार

शास्त्रीय गणनेत आज सर्वत्र वापरली जाणारी ‘पायथॉन’ ही अशीच खुली भाषा आहे. नेदरलँड्समधील गिदो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या अखेरीस तिचे काम सुरू केले आणि १९९१ मध्ये ती प्रसिद्ध केली. जुलै २०१८ मध्ये त्यांनी अंतिम निर्णयाचा अधिकार स्वेच्छेने सोडला. २०१९ पासून पाच निवडून आलेल्या सदस्यांचे मंडळ हा कारभार पाहते. एकाच संस्थेत नोकरी करणारे दोहोंपेक्षा अधिक सदस्य त्यात असू शकत नाहीत. भाषेत मोठा बदल सुचवावयाचा तर लेखी प्रस्ताव मांडावा लागतो, त्यावर खुली चर्चा होते आणि मगच निर्णय होतो. ग्रामपंचायतीच्या सदस्यांना ही रीत परकी वाटू नये.

२००८ मधील तिसऱ्या आवृत्तीत जुन्या आज्ञावल्या जशाच्या तशा चालत नव्हत्या. त्यामुळे दुसऱ्या आवृत्तीला १ जानेवारी २०२० पर्यंत आधार द्यावा लागला. आता साधारणपणे दरवर्षी ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती निघते. २०२२ ची ३.११ ही आवृत्ती आधीच्या आवृत्तीपेक्षा सरासरी सव्वापट वेगवान ठरली.

गुंठ्यागुंठ्याची नोंद

भाषेइतकेच महत्त्व तिच्याभोवतीच्या साधनांना असते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने शेतीसाठी तयार केलेला ‘फार्मव्हाइब्स’ हा साधनसंच ऑक्टोबर २०२२ मध्ये खुला करण्यात आला. तो मुख्यतः पायथॉनमध्ये लिहिलेला आहे. पावसाळ्यात ढगांमुळे उपग्रहाला पीक दिसत नाही. अशा वेळी ढगांतून आरपार जाणाऱ्या रडारच्या नोंदींवरून झाकलेले चित्र पूर्ण करण्याची सोय या संचात आहे. त्यासाठी लागणारी युरोपीय सेंटिनेल उपग्रहांची माहिती विनामूल्य मिळते. त्या चित्रातील एक ठिपका दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याएवढा असतो. एकरभर उसाचे असे चाळीस ठिपके पडतात आणि फडाचा कोणता भाग मागे पडला, ते त्यांवरून कळू शकते.

शाळेत काय करता येईल?

पायथॉन विनामूल्य मिळते व साध्या संगणकावर चालते. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘ओलावा’ किंवा ‘पाऊस’ अशी देवनागरी नावे नोंदींना देता येतात. ‘४५’ असा देवनागरी आकडाही संख्येत बदलून घेता येतो. जर-तर दर्शविणारे मूळ शब्द मात्र इंग्रजीच राहतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने खुल्या सॉफ्टवेअरचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले आहेत. गावातील पर्जन्यमापकाच्या नोंदी विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या छोट्या आज्ञावलीने मांडल्या, तर गणित, भूगोल व शेती यांचा मेळ एकाच पाठात बसेल.

ध्यानात ठेवण्याजोगे

साधने खुली असली, तरी सारी व्यवस्था खुली असतेच असे नाही. माहिती साठविणाऱ्या दूरस्थ संगणकसेवेचे शुल्क भरावे लागते, शेतातील यंत्रांनाही खर्च येतो. शिवाय शेतकऱ्याच्या जमिनीची व पिकाची नोंद कोणाकडे राहते, ती कोणाला दिली जाते आणि करार संपल्यावर तिचे काय होते, हे प्रश्न भाषा खुली असल्याने आपोआप सुटत नाहीत. अशा योजनेत सहभागी होण्यापूर्वी पंचायतींनी व सहकारी संस्थांनी त्यांची लेखी उत्तरे घ्यावीत.

कालव्याचे पाणी गावात आले, तेव्हा पाळीपत्रक वाचता येणे प्रत्येकाच्या हिताचे ठरले. आता सल्ला देणारी आज्ञावली गावात आली आहे. ती वाचू शकणारी काही मुले-मुली प्रत्येक गावात तयार झाली, तर गाव या साधनांचा केवळ ग्राहक न राहता त्यांचा जाणता वापरकर्ता होईल.